बांबूच्या पुलापर्यंत

नगरकचेरीतला रेनांते बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा आठ बाया गुडघाभर चिखलात वाकून भात निंदत होत्या. त्याच्या पायांत पांढरे बूट होते. ते बघून बेबांगला हसू आवरेना.

"मनांग मेर्लिता, बघ गं, नवरदेव आलाय! बूट घालून चिखलात उतरणार का विचार त्याला."

वयानं थोरल्या बाईला हिनाबयानमध्ये मनांग म्हणतात आणि पुरुषाला मनोंग, मग नातं असो वा नसो. मेर्लिता त्या शेताची मालकीण. मालकीण म्हणजे काय, तर आठांतली एक तीच. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, आणि पिंढरीला चिकटलेली जळू. तिनं जळू नखानं उचकटून बांधावर फेकली आणि कंबर सरळ केली.

"काय रे बाळा, काय काम काढलंस?"

पोरगं शहरात शिकून आलेलं, गळ्यात ओळखपत्र, हातात फळी आणि फळीला लावलेले कागद. हिनाबयानची सगळी माहिती तो गोळा करत होता. गावात घरं किती, म्हशी किती, विहिरी किती, भात किती आणि नारळ किती. जत्रेच्या दिवशी त्याचं पुस्तक निघणार होतं आणि चौकात मोठाले फलक लागणार होते.

"तुमच्या शेतावर मजूर किती, ते लिहायचंय," रेनांते म्हणाला.

"मजूर?" मनांग पुरिंग तोंडावरचं फडकं खाली ओढत म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी. उजव्या पायाचा अंगठा कधीकाळी नांगराखाली सापडून वाकडा झालेला, पण निंदायला बसली की तरण्या बायांना मागं टाकायची. "इथं मजूर कोण नाही. आम्ही सागोदच्या बाया."

"म्हणजे?"

आता मात्र सगळ्याच हसल्या. मेर्लिताला त्या पोराची कीव आली. ती बांधावर चढली आणि त्याला नीट समजावून सांगू लागली. सागोद म्हणजे या बाया निंदणीचे पैसे घेत नाहीत. लावणीपासून दाणा भरेपर्यंत तण काढायचं ते फुकट. पण मग कापणीला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा विळा या शेतात शिरायचा नाही. जी निंदते तीच कापते, आणि सहा पोत्यांमागं एक पोतं त्यांचं. तेवढ्यावर त्यांची वर्षाची चूल चालते.

"याचा काही कागद केलाय?"

"कागद कशाला? माझ्या सासूनं तोंडानं सांगितलं होतं, मी तोंडानं सांगते."

"आणि मालकानं ऐन वेळी दुसऱ्याकडून कापून घेतलं तर?"

"इथं?" मेर्लिता म्हणाली. "हिनाबयानमध्ये? अरे, असं कोण करेल? त्याला पुन्हा तोंड दाखवायला जागा राहील का?"

हे बोलताना तिचा आवाज जरा चढलाच. शहरातल्या पोराला आपल्या गावाची ऐट दाखवायची संधी रोज कुठं मिळते! रेनांतेनं भराभर लिहून घेतलं, मग फोन काढला आणि फोटो हवा म्हणाला. मेर्लितानं मनांग पुरिंगला ओढून शेजारी उभं केलं आणि तिच्या खांद्यावर चिखलाचा हात टाकला. म्हातारी लाजली. पुढचे दोन दात नाहीत म्हणून तिनं ओठ मिटून घेतले. बेबांग मागून ओरडली, "हस की गं मनांग पुरिंग! या वयात तुला कोण पळवून नेणार नाही!" तशी म्हातारी खळखळून हसली आणि नेमकं तेव्हाच पोरानं बटण दाबलं.

*

भात चांगलं आलं. इतकं चांगलं की मेर्लिताच्या नवऱ्याला, वेनान्सियोला, त्याची भीती वाटू लागली.

गेल्या वर्षीही असंच आलं होतं. मग कापणीच्या तोंडावर वादळ आलं, उभं पीक आडवं झालं, चार दिवस पाण्यात पडून राहिलं आणि लोंबीतल्या लोंबीत दाण्याला मोड फुटले. तो मोड आलेला, आंबूस वासाचा भात त्या दोघांनी वर्षभर खाल्ला होता. सागोदच्या बायांच्या वाट्यालाही तोच आला. मनांग पुरिंग आपल्या नातीला तो भरवताना नाक दाबायला सांगायची, हे मेर्लितानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

यंदा रविवारी मनांग पुरिंगनं एक दाणा दाताखाली धरून फोडला, जिभेवर घोळवला आणि म्हणाली, "गुरुवारी. गुरुवारी विळे लावू."

मंगळवारी दुपारी रेडिओनं सांगितलं की बुधवारी वादळ येऊन धडकणार, आणि सरळ त्यांच्याच किनाऱ्यावर.

वेनान्सियो रेडिओ कानाशी धरून बसला होता. बाहेर आभाळ अजून निळं होतं, पण वारा पडला होता आणि कोंबड्या भर दुपारीच खुराड्याशी घोटाळत होत्या. शेजारच्या मोठ्या मालकाच्या शेतात कापणीचं यंत्र दोन दिवसांपासून घरघरत होतं. गावात त्याला सगळे राक्षसच म्हणत. पुढून उभं भात गिळायचा, मागून पेंढा ओकायचा आणि बाजूनं पोती भरून द्यायचा. शंभर बायांचं काम तो जेवणाच्या सुट्टीआधी उरकत असे.

"राक्षसवाला म्हणतोय, दोन वाजता मोकळा होईन," वेनान्सियो म्हणाला. "उद्या पहाटे नदीपलीकडं जाणार. मग आठवडाभर परत नाही."

मेर्लितानं दारातून आभाळाकडं बघितलं.

"सात बाया आत्ता बोलावल्या तरी दोन दिवस लागतील. दोन दिवस कुठायत आपल्याकडं?"

"मग?"

"मग काय मग! त्यांना विचारायला पाहिजे. त्यांना सांगितल्याशिवाय नाही करायचं. तू जा, मनांग पुरिंगला सांग. म्हणावं अशी वेळ आली आहे, राक्षस घालतो, तुमचा वाटा तुम्हाला पोचवतो. ती हो म्हणाली तर बाकीच्या म्हणतील. मी तोवर त्याला धरून ठेवतो, नाहीतर दुसरा कुणीतरी पळवेल."

त्यानं टोपी घातली आणि निघाला. मेर्लिताही चपला घालून निघाली.

बाया राहायच्या त्या नदीकाठच्या वस्तीत. जायला बांबूचा पूल होता, पायाखाली दोन बांबू आणि हाताला धरायला एक. वाटेत मेर्लिता मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. मनांग, वादळ येतंय. हे वाक्य बरं होतं, यात कुणाचा दोष नव्हता. मनांग, तुझा वाटा कुठं जात नाही. हेही बरं होतं. पण या दोन वाक्यांच्या मधलं वाक्य काही केल्या जुळेना. चार महिने वाकून तण काढलंस, पण विळा मात्र लावू नकोस, हे कसं म्हणायचं? ज्या तोंडानं कचेरीतल्या पोराला ऐट दाखवली त्याच तोंडानं?

पुलाच्या अलीकडं ती थांबली. पलीकडं मनांग पुरिंगचं घर दिसत होतं. चुलीचा धूर वर जात होता. म्हातारी दिसत नव्हती, पण आवाज येत होता. दगडावर विळा घासल्याचा. घास, थांब, पाणी, पुन्हा घास.

म्हातारी नाही म्हणेल अशी मेर्लिताला भीती नव्हती. ती हो म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विळा बाजूला ठेवेल, हात फडक्याला पुसेल आणि म्हणेल, "ठीक आहे इंदाय, वादळापुढं कुणाचं काय चालतं." इंदाय म्हणजे पोरी. पन्नाशी उलटलेल्या मेर्लिताला आता तेवढी एकच बाई इंदाय म्हणायची. ते हो ऐकायची हिंमत तिच्यात नव्हती. एक पाय बांबूवर ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग पाय काढून घेतला.

परत येताना ती जवळजवळ धावतच होती.

वेनान्सियो राक्षसाशेजारी उभा होता. यंत्र चालवणारा पोरगा वर बसून उसाचं कांडं चघळत होता.

"काय म्हणाल्या?"

"घ्या म्हणाल्या," मेर्लिता म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "वादळाला कोण काय करणार, असं म्हणाल्या."

"मनांग पुरिंग?"

"ती पण. तीच म्हणाली आधी."

वेनान्सियोचा चेहरा मोकळा झाला. "बघ! मी म्हणत नव्हतो? समजूतदार आहे म्हातारी." आणि त्यानं यंत्रावरच्या पोराला हात केला.

दोन तासांत शेत संपलं. मोठ्या मालकाच्या शेतातली घरघर आणि यांच्या शेतातली घरघर वस्तीवर ऐकू गेली तरी सारखीच. कुणाला काही वेगळं कळायचं कारण नव्हतं. वेनान्सियो पोती शिवत होता आणि मेर्लिता सुतळी पुरवत होती. तिनं दोनदा आखूड सुतळी तोडून दिली. नवऱ्याला वाटलं, वादळाची धास्ती.

*

बुधवारी सगळ्या गावानं छपरं दोरांनी बांधली. मेर्लिताच्या घरात पोत्यांची थप्पी छताला टेकली होती आणि निजायला जागा नव्हती म्हणून दोघं पोत्यांवरच टेकून बसली. रात्री वारा थोडा सुटला, दोन सरी आल्या आणि सगळं शांत झालं. पहाटे रेडिओ म्हणाला, वादळ उत्तरेला वळलं.

गुरुवारी असं लख्ख ऊन पडलं की बघत राहावं. कापणीला याहून चांगला दिवस वर्षात उगवत नाही.

आणि त्या उन्हात सात बाया ओळीनं बांधावरून आल्या. अंगात लांब बाह्यांचे सदरे, डोक्याला फडकं, फडक्यावर पानांची रुंद टोपी, हातात विळे. पुढं मनांग पुरिंग. तिच्या विळ्याची मूठ सायकलच्या ट्यूबनं गुंडाळलेली, ती सगळ्या गावाला ओळखू येई. चालता चालता बेबांग काहीतरी सांगत होती आणि मागच्या हसत होत्या. मग पुढचीचं हसणं थांबलं, मग तिच्या मागचीचं, असं करत ओळीच्या शेवटापर्यंत सगळ्या गप्प झाल्या.

मेर्लिता दारात उभी होती. तिनं दाराचा खांब घट्ट धरला.

शेतात नुसते खुंट होते.

"हे कधी झालं?" कुणीतरी हळूच विचारलं.

वेनान्सियो हातात कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. हसत हसतच आला बिचारा. "अगं, विळे कशाला आणलेत? वाटा न्यायला आलात ना? पोती आत..."

बायांचे चेहरे बघून तो मधेच थांबला. त्यानं एकदा बायांकडं बघितलं, एकदा विळ्यांकडं. मग वळून बायकोकडं बघितलं. मेर्लिताला वाटलं, आता ही पायाखालची जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण जमीन काही फाटली नाही. सगळ्यांच्या देखत ती तशीच खांब धरून उभी होती.

वेनान्सियोनं हातातला मग खाली ठेवला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मंगळवारी मीच सांगायला येणार होतो. वादळाच्या गडबडीत राहून गेलं."

"राहून गेलं!" बेबांग कडाडली. "मनोंग वेनान, चार महिने आमच्या पायांचं रक्त जळवांना पाजलं, ते नाही राहून गेलं. तेवढं बरं लक्षात ठेवलंस! राक्षसाला हाक मारायला घसा होता, आम्हाला मारायला नव्हता?"

"तुमचा वाटा देतो मी. एक दाणा कमी नाही."

"वाटा कसला देतोस? भीक घाल म्हणावं, भीक!"

हीच वेळ होती. मेर्लितानं तोंड उघडलं असतं, चार शब्द बोलली असती, तर निदान नवऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. तोंड उघडलंही तिनं. आणि तसंच मिटलं.

मनांग पुरिंग शेतात उतरली, वाकली, एक खुंट हातात धरून बघितला. कापणी पार गुडघ्याजवळ झाली होती.

"फार वर कापलंय," ती म्हणाली. "राक्षसाला वाकता येत नाही ना." मग तिनं विळा फडक्यात गुंडाळला. "चला गं."

ओळ आली तशीच परत गेली. या खेपेला मनांग पुरिंग सगळ्यांच्या मागं होती आणि वाकड्या अंगठ्यानं जास्तच लंगडत होती.

वेनान्सियो बायकोकडं न बघता म्हणाला, "गेली होतीस ना तू?"

"गेले होते."

"कुठपर्यंत?"

त्यानं उरलेली कॉफी मातीत ओतली आणि म्हशीला सोडायला गेला. त्या दिवसापासून त्यानं हा विषय काढला नाही. भांडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मेर्लिताला बरं वाटलं असतं. तो फक्त कमी बोलू लागला.

*

शुक्रवारी हातगाड्यावर पोती घालून मेर्लिता वाटा पोचवायला निघाली. या वेळी गाडा अलीकडं ठेवून, एकेक पोतं पाठीवर घेऊन तिनं पूल ओलांडला.

बेबांगनं पोतं घेतलं. घरात चार पोरं होती, न घेऊन सांगते कुणाला? पण घेताना म्हणाली, "तिथं दाराशी ठेव. मालकिणीनं आत यायचं नसतं, पाय मळतात." बाकीच्यांनीही घेतलं, कुणी मान फिरवून, कुणी पोराला पुढं करून.

मनांग पुरिंगनं घेतलं नाही.

"मी कापलेलं नाही ते, इंदाय."

"मनांग, निंदलंस तर तू."

"निंदलं ते कापायसाठी. पोतं दारात आणून द्यावं म्हणून नाही निंदलं." ती रागानं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "नातीनं विचारलं, हे कुणी कापलं, तर काय सांगू?"

मेर्लितानं पोतं परत आणलं. उतरवताना वेनान्सियोनं ते बघितलं, पण विचारलं नाही.

शनिवारी सकाळी खिडकीतून बघते तर शेतात मनांग पुरिंग आणि तिची नात. खुंटांमध्ये वाकून पडलेल्या लोंब्या वेचत होत्या. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचायला कुणालाही मुभा असते, त्याला मालकाला विचारावं लागत नाही. आपल्या वाट्याच्या पोत्याला नाही म्हणणारी म्हातारी त्याच शेतात एकेक लोंबी टिपत होती, आणि मेर्लिता खिडकीआडून बघत होती. पाण्याची बादली भरायला बाहेर जायचं होतं, पण ती गेली नाही. ऊन डोक्यावर येऊन त्या दोघी निघून जाईपर्यंत घरातल्या घरात, तहानलेली बसून राहिली. जाताना म्हातारीच्या टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

गावात दोष आला वेनान्सियोच्या वाट्याला. चर्चमध्ये त्याच्या बाकावर जागा असायची, पण शेजारी कुणी बसायचं नाही. कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात तो शिरला की कुणीतरी तोंडानं घुर्रर्र असा यंत्राचा आवाज काढायचं आणि सगळा आखाडा हसायचा. दोन रविवार त्यानं तेही हसून साजरं केलं. तिसऱ्या रविवारी कोंबडा काखेत घेऊन तो दारापर्यंत गेला, परत फिरला आणि कोंबड्याला खुंट्याला बांधून त्याच्याशेजारी बसून राहिला.

मेर्लितानं सांगायचं ठरवलं. रोज ठरवलं. आज पाण्यावर गेले की सांगते, रविवारी चर्चमधून निघताना सांगते. मनातल्या मनात पुलापर्यंत जायची आणि परत यायची.

*

जत्रेच्या दिवशी हिनाबयानमध्ये कुणाचं दार बंद नसतं. ओळख असो वा नसो, जो येईल त्यानं बसावं आणि जेवावं. ज्या घरात पानांवर पानं उठतात त्या घराचा मान. मेर्लितानं पहाटेपासून चुली पेटवल्या होत्या. डुक्कर कापलं होतं, शेवया केल्या होत्या, नारळाच्या दुधात शिजवलेल्या चिकट भाताचे उंडे केळीच्या पानांत गुंडाळून ठेवले होते. नव्या तांदळाचा भात मोठ्या पातेल्यात वाफाळत होता.

दहा वाजले, अकरा वाजले. वेनान्सियोची बहीण येऊन गेली, चर्चमधले वाजंत्रीवाले आले, ते काय, जिथं वास येईल तिथं जातात. नदीकाठचं कुणी आलं नाही. वस्तीवरची माणसं दारावरून चौकाकडं जात होती आणि दाराशी आली की नेमकी पलीकडं बघत होती. शेवयांवर साय धरली. मेर्लिता माशा हाकलत बसली.

दुपारी नणंद धावत आली. "वहिनी, अगं चल! चौकात तुझा फोटो लागलाय! केवढा मोठा!"

कचेरीतलं ते पोरगं ती पार विसरून गेली होती.

नगरकचेरीच्या भिंतीवर चार फलक लावले होते. एकावर नारळ, एकावर धबधबा, एकावर म्हशींची शर्यत. आणि चौथ्यावर माणसाच्या दुप्पट उंचीची मेर्लिता, कपाळावर चिखल, मान ताठ. तिचा हात मनांग पुरिंगच्या खांद्यावर. म्हातारी दोन दातांची खिंड दाखवत खळखळून हसत होती.

खाली गर्दी होती. बेबांग होती, बाकीच्या बाया होत्या, आणि अगदी पुढं नातीचा हात धरून मनांग पुरिंग स्वतःकडं टक लावून बघत उभी होती.

"आल्या बघा मालकीणबाई!" बेबांग म्हणाली. "नवऱ्याला नाही आणलंस? त्याचा पण फोटो पाहिजे होता की, राक्षसाच्या गळ्यात हात टाकून!"

लोक हसले. कुणीतरी घुर्रर्र केलं.

मनांग पुरिंगनं वळून बघितलं. "आलीस इंदाय? बरं झालं. खाली काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. नात अजून पहिलीत आहे, तिला मोठे शब्द जमत नाहीत. वाच बघू."

मेर्लितानं इकडंतिकडं बघितलं. रेनांते पायरीवर उभा होता, पायांत तेच पांढरे बूट. आपण काय करून ठेवलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. तो हसून मान हलवत होता, वाचा, वाचा.

मेर्लितानं वाचलं.

"हिनाबयान, शब्दाला जागणारं गाव. इथं आजही जी निंदते, तीच कापते. कागद नाही, सही नाही. मालकीण मेर्लिता म्हणते, आमच्याकडं असं कोण करेल? त्याला पुन्हा तोंड..."

पुढचं तिला वाचवेना. अक्षरं समोर स्वच्छ दिसत होती. माणसाच्या हाताएवढं एकेक अक्षर.

"तोंड काय?" मनांग पुरिंगनं विचारलं.

"पुन्हा तोंड दाखवायला जागा राहील का."

कुणी हसलं नाही. बेबांगसुद्धा नाही.

"वेनाननं नाही केलं," मेर्लिता म्हणाली. आवाज फाटका आला, पण आला. "त्यानं मला पाठवलं होतं. विचारून ये म्हणाला होता. मी आलेच नाही. परत जाऊन त्याला सांगितलं की तुम्ही हो म्हणालात. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. त्याला घुर्रर्र नका करू."

बेबांगनं तोंडाला हात लावला. "अगं बया!"

"आली होतीस की," मनांग पुरिंग म्हणाली.

मेर्लितानं तिच्याकडं बघितलं.

"पुलापर्यंत आली होतीस. मी विळ्याला धार लावत होते, फटीतून दिसलीस. मी म्हटलं, वादळाचं ऐकून आजच कापायचं म्हणत असणार, बोलवायला आली. नातीला म्हटलं, भात उतरव, झाकून ठेव, मी शेतावर चालले. टोपी घातली, विळा घेतला, बाहेर आले. तर तू नाहीस. वाटलं, चप्पल तुटली असेल. दुसरी घालून येईल परत. अंधार पडेपर्यंत टोपी घालून उंबऱ्यात बसले होते."

"तेव्हाच का नाही बोललीस गं, मनांग?" बेबांगनं विचारलं. "त्या बिचाऱ्याला आम्ही महिनाभर..."

"तिनं बोलावं म्हणून थांबले होते," मनांग पुरिंग म्हणाली.

मेर्लिता रडत नव्हती. रडायचा हक्कही आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. भर चौकात, आपल्याच दुप्पट उंचीच्या तोंडाखाली, ती मान घालून उभी होती.

"चल," मनांग पुरिंगनं नातीचा हात धरला. "जत्रा आहे. जेवायला वाढणार की नाही?"

*

ती खरंच आली. बाकीच्या आल्या नाहीत. वेनान्सियोनं तिला बघून खुर्ची पुसून दिली. मग पुन्हा एकदा पुसली. मेर्लितानं ताट वाढलं.

म्हातारीनं नातीला डुकराचा कुरकुरीत तुकडा दिला आणि आपण आधी नुसता भात घेतला. घास तोंडात घालून डोळे मिटून चावत राहिली, दाणा फोडून बघताना चावायची तशी.

"हा तिथलाच ना?"

"हो, मनांग."

"चांगला झालाय. मोकळा झालाय." तिनं दुसरा घास घेतला. "निंदणी नीट झाली होती यंदा."

सावकाश, सगळं थोडं थोडं खाऊन तिनं हात धुतला. जत्रेच्या जेवणातून घरी न्यायला बांधून देतात तसे मेर्लितानं उंडे केळीच्या पानात बांधले, ते तिनं घेतले. नातीच्या हातात दिले. दाराशी जाऊन पाय चपलांत सरकवले. वाकडा अंगठा आत जायला वेळ लागला.

"पुढच्या महिन्यात लावणी," मेर्लिता मागून म्हणाली. एवढं तरी विचारायला हवं होतं. "तण लवकर येतं त्या शेतात. मनांग, तुम्ही सगळ्या..."

मनांग पुरिंग वळली. तिनं मेर्लिताच्या गालावर हात ठेवला. तळवा खरखरीत होता आणि धुतल्यानं अजून ओलसर होता.

"जेवायला बोलावशील तेव्हा येईन, इंदाय," ती म्हणाली. "निंदायला नको बोलावू."

मग ती नातीला घेऊन नदीच्या वाटेला लागली. मेर्लितानं तिचं ताट उचललं. एक दाणाही राहिला नव्हता.